अकराच्या अकरा मीठ

खाण, कामगार वसाहत
४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू स्वतः रचतोस, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी म्हटलं "शिफ्ट बदललीय", तर तू आईला कळवलंस "पोरगी शहर सोडतेय", आणि आईचा मला रडत फोन! तेहतीस वर्षं लिफ्टच्या मोटारीशेजारी बसून कान गेले हे कबूल, पण कल्पनाशक्ती भारीच शाबूत आहे तुझी.

मी मजेत आहे. दिवसाचे नऊ तास खाली, झोपायला वर, तुमच्याच जुन्या वसाहतीत. तिसऱ्या ओळीतली खोली. दाराची कडी अजून वर उचलून डावीकडे ढकलल्याशिवाय लागत नाही. मिठाची खाण बंद होऊन बारा वर्षं झाली, आता पिंजरा आमच्या विद्यापीठाच्या सहा माणसांसाठीच खाली-वर करतो. नवा लिफ्टवाला बटणं दाबतो आणि मोबाइल बघतो. तू असतास तर त्याचा कान पिळला असतास.

आता एक काम. आमच्या सरांना तुमच्या गावातल्या मोठ्या इस्पितळात हलवलंय. फुप्फुसं. डॉक्टर आम्हाला सरळ काही सांगत नाहीत, म्हणजे काय ते कळलंच. तू आणि सर जुने दोस्त, तर जरा जाऊन बसशील का त्यांच्याजवळ? त्यांना माणसं लागतात.

आणि त्यांना आनंद झालाय, तो तुला दिसेलच. आमच्या खालच्या यंत्राच्या टाकीत या वर्षात अकरा ठिणग्या सापडल्या. ज्यासाठी सरांनी तीस वर्षं घातली त्या न दिसणाऱ्या डार्क मॅटरच्या असाव्यात, अगदी तशाच दिसणाऱ्या. बाकीचे पाचही जण हवेत आहेत. आमचा कॉम्प्युटरवाला तर खाली जाताना पिंजऱ्यात गाणं म्हणतो.

मामा, कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा जीव राहणार नाही, आणि तू आमच्यातला नाहीस म्हणून तुला सांगते. त्या अकराच्या अकरा ठिणग्या म्हणजे मीठ आहे. एक कमी नाही, एक जास्त नाही. हे फक्त मला माहीत आहे. कुणाला बोलू नकोस हं, मला फार महागात पडेल.

मामीला नमस्कार.

तुझी
खारूताई

*

११ फेब्रुवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी मामी म्हणाली, "बघा, पोरीचं अक्षर अजून मुंग्यांच्या रांगेसारखंच." मी म्हटलं, मुंग्या तरी सरळ जातात.

अगं वेडे, मिठाचं एवढं काय मनाला लावून घेतेस? आमचा जन्म गेला त्यात. मोटारीच्या खोलीत स्विचवर मीठ बसलं, वर जरा दमट हवा आली, की ठिणग्या उडायच्या. हजारदा पाहिलंय. पहिल्यांदा उडाली तेव्हा मी स्टुलावरून खाली पडलो होतो. तेव्हा ऐक. ओलं फडकं अजिबात लावायचं नाही. मिठाला पाणी सुटतं आणि सगळं जास्तच बिघडतं. सुकं, मऊ, सुती फडकं घ्यायचं आणि वरून खाली पुसायचं. जुना बनियन उत्तम. माझे दोन पाठवू का? विद्यापीठातली एवढी शिकलेली माणसं, आणि एकालाही यंत्र पुसायचं सुचू नये, कमाल आहे!

तुझ्या सरांकडे, आमच्या मास्तरांकडे, परवाच्या रविवारी जातो. त्यांची-माझी पहिली भेट तुला सांगितली नसेल. तीस वर्षांपूर्वी एक काडीपैलवान माणूस शिशाच्या विटांची चौदा खोकी घेऊन आला आणि म्हणाला, "हे मला हजार मीटर खाली न्यायचंय." आमच्या फोरमनला वाटलं, वेड्यांच्या इस्पितळातून सुटलाय. मी त्यांना पिंजऱ्यात घेतलं. निम्म्या वाटेत त्यांनी माझ्या बुटांवर उलटी केली, आणि खाली पोचल्यावर पहिलं वाक्य काय, तर "वा, किती शांत आहे!" तिथं ड्रिलचा आवाज कानठळ्या बसवत होता. मी म्हटलं, साहेब, शांत? तर म्हणाले, "आकाशातून सारखा बारीक कणांचा पाऊस पडत असतो, तो इथं ऐकू येत नाही." मग खोक्यावर बसून माझ्या डब्यातली निम्मी पाव-भाजी खाल्ली आणि समजावलं. आकाशातले तारे जितक्या जोरात फिरतात तितकं वजन मोजायला गेलं की सापडतच नाही. म्हणजे कुणीतरी आहे, वजनदार आहे, पण दिसत नाही. मी म्हटलं, आमच्या घरात माझी आई तशी. कधी पुढे यायची नाही, पण घर तिच्यामुळे जागच्या जागी. त्या दिवसापासून ते मला "लिफ्टमन" न म्हणता "दोस्त" म्हणायला लागले.

काय दिवस होते! सकाळच्या पाळीला पांढऱ्या भिंतींवर दोनशे दिवे लागायचे आणि वाटायचं, जगात अंधार नावाची गोष्टच नाही.

काळजी करू नकोस. मास्तर दिलदार माणूस आहे. तुला कुणी ओरडणार नाही.

तुझा
मामा

*

१७ फेब्रुवारी

मामा,

अरे देवा, बनियन पाठवू नकोस! आणि तू सरांना काही बोलला तर नाहीस ना? रविवार होऊन गेला, आणि तुझं पत्र मला आज मिळतंय. नीट वाच, एकेक शब्द वाच, मध्ये काही रचू नकोस.

ते मीठ तुमच्या खाणीतलं नाही. ती आमची आपसातली बोली आहे. माणसाला जे हवं असतं तेच दिसायला लागतं. म्हणून आमच्यातला एक जण कॉम्प्युटरमधून खोट्या ठिणग्या गुपचूप खऱ्या नोंदींत मिसळतो, भाजीत मीठ टाकावं तसं. हुबेहूब खऱ्यासारख्या. किती टाकल्या, कुठल्या दिवशी टाकल्या, हे बाकी कुणाला माहीत नसतं. सगळे वर्षभर इमानदारीनं शोधतात. मग ठरलेल्या दिवशी मिठाच्या यादीची बंद पेटी उघडायची, मीठ वेगळं काढायचं, आणि उरेल ते खरं. यंदा पेटी २ मेला उघडणार.

हा नियम सरांनीच आणला. तरुणपणी एकदा त्यांना सापडलं होतं. त्यांनी जाहीर केलं, पेपरात फोटो आला, आणि चार महिन्यांनी कळलं की तो शेजारच्या पंपाचा ठोका होता. मला म्हणाले होते, "पंप खोटं बोलला नाही गं, माझी हौस खोटं बोलली." यंदा मीठ टाकायचं काम त्यांनी मला दिलं. का, तर "मिठाच्या खाणीतल्या माणसाची भाची आहेस, खाल्ल्या मिठाला जागशील."

मी अकरा टाकल्या. सापडल्या त्याही अकरा. म्हणजे खरी एकही नाही, मामा. आणि पेटी उघडायच्या आधी हे आमच्यापैकी कुणालाही कळलं, तर त्याच्या नजरेवर विश्वास उरत नाही. त्यानं पुढं एक जरी नोंद तपासली तरी सहा माणसांचं वर्ष पाण्यात. तुला लिहिलं हीच माझी चूक. तू बाहेरचा, म्हणून वाटलं चालेल.

सर आनंदात आहेत, आणि तो आनंद मीच शिजवलेला आहे. तू काही बोलला नाहीस एवढंच लगेच कळव.

खारूताई

*

२४ फेब्रुवारी

चि. खारूताईस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्म्यानं, एकदा मामीकडून. कळलं सगळं. मी कुणापाशी एक अक्षर बोलणार नाही. मामी म्हणते, यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिला म्हटलं, आता बघच.

मास्तरांना भेटलो. खिडकीशेजारची खाट आहे. तब्येतीनं उतरलेत, पण मजेत दिसले. मला बघून एवढे हसले, एवढे हसले की नर्स धावत आली आणि मलाच ओरडली. आता रोज दुपारी जातो. सिंगल तिकिटाचा प्रवास, जाताना बस, येताना पाय.

तू जेवतेस ना वेळेवर?

मामा

*

२० मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा नीट झोपले. रागावले होते, माफ कर. तुझ्यावर संशय घेतला हीच माझी शिक्षा समज.

गुरुवारी सरांना भेटून आले. तू नेमका चहाला खाली गेला होतास, नर्सनं सांगितलं. मी महिन्याभराचे आलेख घेऊन गेले होते, त्यांनीच मागे मागितले होते. तर हातानं बाजूला सारले. म्हणाले, "आता कागद आणू नका. वाचवत नाही. कुणीच आणू नका, सगळ्यांना सांग." मामा, हा माणूस जेवताना आलेख बघायचा! आमटीचे डाग पडलेले आलेख आम्ही जपून ठेवलेत. तेव्हा कळलं, आता फार दिवस नाहीत.

मग माझा हात धरला आणि म्हणाले, "अकरा!" डोळे असे चमकत होते. पुन्हा म्हणाले, "अकरा गं! शाब्बास!" मी हसले. काय करणार होते? मी अशी हसले की जसं काही मलाही वाटतंय. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले.

डॉक्टर म्हणाले, मे कठीण आहे. म्हणजे पेटी उघडताना सर नसतील. त्यांना खरं सांगायचं तर नियम मोडतो, आणि तो त्यांचाच नियम. नाही सांगायचं तर ज्या माणसानं आयुष्यभर "हौस खोटं बोलते" हे शिकवलं, तो माझ्या हातची खोटी हौस उशाशी घेऊन जाणार. कॉम्प्युटरवाला म्हणतो, नशीबवान आहेत सर, जाण्याआधी मिळालं. मला त्याला चापट मारावीशी वाटते.

सांगू का रे त्यांना? तू म्हणशील तसं करते.

तुझी
खारूताई

*

२८ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

सांगू नकोस.

तू विचारलंस म्हणून स्पष्ट लिहितो. मी शहाणा माणूस नाही, तुला माहीत आहे. पण हे मी विचार करून लिहितोय. मास्तरांनी विश्वासानं काम दिलंय ना? मग ते पार पाड. तुला वाटतं तेवढं वाईट काही घडत नाहीये. यावर जास्त विचारू नकोस.

आमचं छान चाललंय. रोज दोन तास जुन्या गप्पा. एकदा वरची वीज गेली आणि आम्ही नऊ जण पाच तास खाली अडकलो, ते आठवतं का, असं मास्तरांनी विचारलं. न आठवून कुणाला सांगतात! त्या दिवशी ड्रिलवाले घाबरून गप्प झाले होते, आणि मास्तर त्यांना म्हणाले, "टोपीवरचे दिवे विझवा, आपण जगातल्या सगळ्यात शांत खोलीत बसलोय, जरा ऐका तरी." विझवले. काही ऐकू आलं नाही, नुसते एकमेकांचे श्वास. आमचा मुकादम, एरवी शिवीशिवाय न बोलणारा, म्हणाला, "मला माझ्या पोराची आठवण येतेय." मग ज्यानं त्यानं काही काही सांगितलं. मी तुझ्याबद्दल सांगितलं होतं. तू तेव्हा चार वर्षांची, मिठाचे खडे चड्डीच्या खिशात लपवायचीस, नि खिसा ओला झाला की रडायचीस. मास्तर काल म्हणाले, "तीच ना ही?" मी म्हटलं, तीच.

आता त्या नऊ जणांतले आम्ही दोघंच उरलोय. फार वाईट वाटतं गं. खाण गेली त्याचं नाही एवढं. पण मी काय पाहिलं ते खरं म्हणणारा एकच माणूस आहे, आणि तोही असा.

मामा

*

६ मे

प्रिय मामा,

सर गेले त्याला आज सतरा दिवस झाले. त्या दिवशी तू माझ्याशी धड बोलला नाहीस. तू खांबाला धरून उभा होतास, आणि मला वाटलं, याला आता घरी कोण नेणार.

२ मेला पेटी उघडली. सगळे नीटनेटके कपडे घालून आले होते, खाली हजार मीटरवर, सांग! सरांची खुर्ची कुणी हलवली नाही. मी यादी वाचली. पहिली ठिणगी, मीठ. दुसरी, मीठ. पाचवीपर्यंत कुणाला काही वाटलं नाही. आठवीला कॉम्प्युटरवाल्यानं खाली बघितलं. अकरावी वाचली तेव्हा पिंजऱ्याची घंटा वर कुठेतरी वाजली तीही ऐकू आली. मग एक जण म्हणाला, "बरं झालं, सरांना कळलं नाही."

सगळ्यांनी मान डोलावली. मामा, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांना कळायला हवं होतं. ते काही लहान मूल नव्हते हातात खेळणं देऊन निजवायला. मी दोन महिने त्यांच्या तोंडावर हसले. आयुष्यात एकदाच एका माणसाला फसवलं, आणि ते नेमके सर निघाले.

मी हे काम सोडायचं म्हणतेय. आईला अजून सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

खारूताई

*

१२ मे

चि. खारूताईस,

काम सोडायच्या आधी हे पत्र वाच. बसून वाच. मामी शेजारी उभी आहे आणि म्हणते, आता एक शब्द गाळलात तर मी स्वतः लिहीन.

मी तुला खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. "बोलणार नाही" असं लिहिलं, "बोललो नाही" असं लिहिलं नव्हतं. त्या रविवारी तुझं दुसरं पत्र यायच्या आधी मी मास्तरांना सांगून बसलो होतो. मला वाटलं, पोरीच्या हातून यंत्रात मीठ गेलंय, आता हिला ओरडा बसणार. आपण आधीच शब्द टाकावा. म्हणून गेलो आणि म्हटलं, "मास्तर, माझ्या भाचीला सांभाळून घ्या. तुमच्या अकराच्या अकरा ठिणग्या मीठ आहे म्हणते, एक कमी नाही, एक जास्त नाही. मी सुकं फडकं लावायला सांगितलंय."

ते हसायला लागले. नर्स आली ती तेव्हा. हसता हसता डोळ्यांतून पाणी. ते हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही. मी विचारलं, काही चुकलं का माझं? तर म्हणाले, "अकराच्या अकरा? एकही निसटली नाही? दोस्त, तीस वर्षांत माझं यंत्र एवढं तल्लख कधीच नव्हतं. मुलीनं चिमूटभर टाकलं आणि त्यानं कण न् कण वेचला. आता खरं काही आलं तर सुटायचं नाही."

मग मला मीठ म्हणजे काय ते समजावलं, आणि मी कपाळाला हात लावला. पाय धरायला गेलो, त्यांनी धरू दिले नाहीत. म्हणाले, "मला कळलंय हे हिला कळता कामा नये. तिला कळलं तर ती उद्या जाऊन सगळ्यांसमोर कबूल करेल आणि वर्ष फुकट जाईल. मी आजपासून एकही नोंद बघणार नाही, म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही." म्हणून तुझे कागद सारले, बाई. वाचवत नव्हतं? रोज दुपारी मला पेपरातलं शब्दकोडं मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि उभे शब्द मला येत नाहीत म्हणून टोमणे मारायचे!

कागद परत पाठवले त्या दिवशी मात्र मी चहा घेऊन वर आलो तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "आलेखाचा वरचा कोपरा दिसला. जांभळी शाई. फार सुंदर काढला होता." त्यापुढे त्या दिवशी शब्दकोडं झालं नाही.

आणि "अकरा! शाब्बास!" म्हणाले ना? ते तुलाच म्हणाले गं. मनापासून म्हणाले. तू त्यांना फसवलं नाहीस. त्यांनी तुला फसवलं, आणि मी साथ दिली. त्यांनी मला घातलेली शप्पथ पेटी उघडेपर्यंतची होती. दहा दिवस जास्त झाले कारण हे लिहायला हिंमत होत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तोंडात तीळ भिजला, आणि तो एवढा जड असतो हे माहीत नव्हतं.

काय रागवायचं ते माझ्यावर रागव. काम सोडू नकोस.

तुझा
मामा

*

३० मे

प्रिय मामा,

रागावले. चार दिवस. पाचव्या दिवशी रडू आलं, सहाव्या दिवशी तुझ्या बनियनचं आठवून जिन्यातच हसत सुटले, आणि नव्या लिफ्टवाल्यानं पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर काढली.

मी काम सोडत नाहीये. यंदाचं मीठ दुसऱ्या कुणाकडे दिलंय. मला माहीत नाही कुणाकडे, आणि मी शोधते आहे, हौसेनं.

पण गप्प राहणं मला जमलं नाही. तुझं पत्र मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. अहवालात आता एक वाक्य वाढलंय. सगळ्यांनी मिळून लिहिलं, फार वेळ लागला: "गटातील एका सदस्यास मिठाची माहिती १३ फेब्रुवारी रोजी मिळाली. त्या दिवसापासून त्यांनी एकही नोंद पाहिली नाही." नाव घातलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणालाच कळणार नाही की तीस वर्षं शोधलेली गोष्ट ज्यात असू शकेल ते कागद उशाशी आणून दिलेले असताना एका माणसानं ते उचलून बघितले नाहीत.

कॉम्प्युटरवाल्यानं वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, "पण सरांना सांगितलं कुणी?"

मी म्हटलं, माझ्या मामानं.

"कशासाठी?"

मी म्हटलं, मला ओरडा बसू नये म्हणून.

तुझी
खारूताई